जुनी पिकअप घरच्या घरी दुरुस्त करताना: कुठून सुरुवात करायची आणि कशाला हात लावायचा नाही

दहा-बारा वर्षं जुनी डिझेल पिकअप दारात आली की पहिल्या आठवड्यात काय होतं? म्युझिक सिस्टिम बसते, केबिनला एलईडीच्या माळा लागतात आणि मागे दोन पाटे (मागच्या चाकांवरच्या स्प्रिंगच्या लोखंडी पट्ट्या) वाढतात. ब्रेक मात्र 'लागतोय की' म्हणून तसाच राहतो. या लेखाचा क्रम नेमका उलटा आहे. आधी गाडी थांबली पाहिजे, मग सरळ चालली पाहिजे, मग रोज सकाळी चालू झाली पाहिजे. देखणेपणाचा नंबर सगळ्यात शेवटी, तोही पैसे उरले तर.

इथे बोलतोय ते बोलेरो पिकअप, टाटा २०७ या जातीच्या गाड्यांबद्दल. इंजिन पुढे, ताकद मागच्या चाकांना, मागे पाटे आणि खाली दोन लांब बीमची चेसिस. टाटांची टाटामोबाइल २०६ आली १९८८ साली, आणि तेव्हापासून ही मांडणी फारशी बदललेली नाही. म्हणूनच या गाड्यांचं निम्मं काम अंगणात होऊ शकतं. माझी गाडी जुन्नर भागातून टोमॅटो-कांदा भरून माळशेज उतरते, त्यामुळे घाट आणि वजन हे दोन विषय या लेखात पुन्हापुन्हा येतील.

१. पाना उचलण्याआधी कागद

सेकंडहँड गाडी असेल तर आरसीवरचा चेसिस नंबर आणि इंजिन नंबर गाडीवर कोरलेल्या नंबरांशी स्वतः ताडून बघा. मग पुढचे कागद एका फाइलला लावा:

- आरसी: रिकाम्या गाडीचं वजन आणि एकूण भरलेलं वजन हे दोन आकडे वहीत लिहून ठेवा, पुढे लागतील
- फिटनेस, म्हणजे आपलं पासिंग: आठ वर्षांपर्यंतच्या मालवाहू गाडीला दोन-दोन वर्षांनी, त्यानंतर दरवर्षी
- विमा
- पीयूसी: बीएस-४ (धुराचं भारत स्टेज ४ मानक) आणि पुढच्या गाडीला १२ महिने, त्याआधीच्या गाडीला ६ महिने
- आधीच्या मालकाचं कर्ज असेल तर फायनान्स कंपनीची एनओसी आणि आरसीवरून बोजा उतरल्याची नोंद
- १ एप्रिल २०१९ च्या आधी नोंदलेली गाडी असेल तर नवी हाय सिक्युरिटी नंबरप्लेट लागली आहे का, ते
- कंपनीचं मालक-पुस्तक, म्हणजे मॅन्युअल. नसेल तर मिळवाच. तेल किती, कोणत्या ग्रेडचं, नट किती ताकदीने आवळायचा, हे सगळं त्यात असतं.

एकूण भरलेलं वजन ३,००० किलोपर्यंत असेल तर मोटार वाहन कायद्याच्या कलम ६६ नुसार परमिट लागत नाही. त्याच कायद्याचं कलम ५२ मात्र लक्षात ठेवा. आरसीवर लिहिलेली आणि कंपनीने ठरवलेली मूळ रचना परस्पर बदलता येत नाही. हौदा लांबवणं, बंद बॉडी चढवणं, वेगळं इंजिन बसवणं, यांतलं काहीही करायचं तर आरटीओची परवानगी आधी घ्यायची. घासलेला पार्ट काढून तसाच नवा बसवणं म्हणजे दुरुस्ती, त्याला कोणाला विचारावं लागत नाही.

याच बैठकीत आणखी एक गोष्ट शोधून काढा: तुमच्या इंजिनाला जुना मेकॅनिकल डिझेल पंप आहे की कॉमन रेल (सगळ्या इंजेक्टरांना एकाच जास्त दाबाच्या नळीतून डिझेल देणारी पद्धत). एप्रिल २०१७ पासून देशभर बीएस-४ लागू झालं आणि पिकअपमध्ये कॉमन रेल सर्रास आलं. सातव्या पायरीत या फरकावर तुमच्या हाताची सुरक्षा अवलंबून आहे.

२. हत्यारं

एकदम पेटी भरून आणू नका. सुरुवातीला एवढं पुरतं:

- ८ ते ३२ पर्यंतचे रिंग पाने आणि फिक्स पाने, सोबत गोटी (सॉकेट) पान्यांचा सेट
- ५ टनी बाटली जॅक आणि दोन लोखंडी घोड्या, म्हणजे उचललेल्या गाडीखाली लावायचे टेकू
- टॉर्क रेंच, म्हणजे ठरलेल्या ताकदीनेच नट आवळणारा पाना
- ग्रीस गन
- मल्टिमीटर आणि टेस्ट लॅम्प
- गंज सोडवणारा स्प्रे, तारेचा ब्रश, ब्रेक क्लीनर
- ब्रेकची हवा काढायला पारदर्शक नळी आणि एक बाटली
- डोक्याला लावायची बॅटरी, रबरी हातमोजे, चष्मा

खर्चाची कात्री लावायची तर गोटी पान्यांना लावा, घोड्यांना नाही. टॉर्क रेंच न घेण्याचं कारण सगळे एकच देतात, 'हाताला अंदाज असतो'. गॅरेजमध्ये वीस वर्षं घालवलेल्या माणसाला तो असेल. आपण गंजलेला बोल्ट तोडतो नाहीतर आटे घालवतो, आणि ॲल्युमिनियममधले आटे गेले की लेथवाल्याकडे चक्कर ठरलेली.

३. गाडी उचलणं

जमीन सपाट आणि टणक हवी. शेणाने सारवलेल्या अंगणात जॅक रुततो, म्हणून खाली जाड फळी टाका. चाकाचे नट गाडी जमिनीवर असतानाच अर्धा आटा ढिले करा. हौदा पूर्ण रिकामा करा.

मागची बाजू उचलताना एक फसगत होते. हँडब्रेक मागच्या चाकांवर असतो, त्यामुळे दोन्ही मागची चाकं हवेत गेली की त्याचा उपयोग संपला. एकच चाक उचललं तर गिअरच्या भरवशावर राहू नका, कारण डिफ्रेन्शियल हवेतल्या चाकाला मोकळं फिरू देतं आणि गाडी सरकते. म्हणून पुढच्या चाकांना दोन्ही बाजूंनी लाकडी ठोकळे लावायचेच. घोडी हौसिंगच्या (मागच्या एक्सलच्या कवचाच्या) नळीखाली किंवा चेसिसखाली, पत्र्याखाली कधीच नाही. नुसत्या जॅकवर उभ्या गाडीखाली कोणीही जायचं नाही, 'फक्त एक नट बघतो' म्हणूनही नाही.

४. ब्रेक

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या. एक दिवस पुढच्या चाकांना, एक मागच्या.

पुढे डिस्क असेल तर काम सोपं. पॅड किती उरलेत, डिस्कला खाच पडली आहे का आणि कॅलिपरच्या पिना हाताने सरकतात का, एवढं बघा. पॅड एका बाजूचे जास्त झिजले असतील तर दोष पॅडचा नसून अडकलेल्या पिनेचा किंवा पिस्टनचा असतो. नुसते पॅड बदलून काही होणार नाही.

मागे ड्रम. चाक काढल्यावर ड्रम हाताने निघाला तर नशीब. नाहीतर ॲडजस्टर मागे फिरवून लायनर (ड्रमला आतून घासणारं ब्रेकचं अस्तर) आत घ्या. बऱ्याच ड्रमवर आटे असलेली दोन भोकं असतात. त्यांत बोल्ट घालून थोडाथोडा आलटून-पालटून आवळला की ड्रम स्वतःच बाहेर येतो. घणाचे घाव घालू नका, बिड तडकतं. आतली काळी धूळ हवेने उडवू नका, तोंडाने तर मुळीच नाही. जुन्या लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकतं. ब्रेक क्लीनरने भिजवून फडक्याने पुसा.

आत स्प्रिंगा आणि पट्ट्या कुठून कुठे जातात याचा फोटो काढा आणि एका वेळी एकच बाजू उघडा, म्हणजे दुसरी बाजू नमुन्याला राहते. आता ओल शोधा. व्हील सिलेंडरची रबरी टोपी किंचित उचला. आत ओलं असेल तर सिलेंडर गळतोय, किट टाका किंवा सिलेंडरच बदला. ओल जाड, चिकट आणि गंधकासारख्या वासाची असेल तर ते हौसिंगचं ऑइल आहे आणि एक्सलचं सील गेलंय. ऑइल प्यालेलं लायनर पेट्रोलने धुऊन वापरा असं सांगणारे खूप भेटतील. नका वापरू. गरम झालं की मुरलेलं ऑइल पुन्हा वर येतं, आणि लायनर गरम नेमकं घाटात होतं. सील बदला, लायनर बदला, आणि तेही दोन्ही बाजूंचं एकदम, नाहीतर ब्रेक मारल्यावर गाडी एका अंगाला ओढते. ड्रमचा जास्तीत जास्त व्यास ड्रमवरच ओतलेला असतो. लेथवर देताना तो आकडा ओलांडायचा नाही.

आता ब्रेक ऑइल. ते हवेतलं पाणी शोषून घेतं, म्हणून दोन वर्षांनी बदलायचं, दिसायला स्वच्छ असलं तरी. डॉट ही ब्रेक ऑइलची ग्रेड. कोरड्या डॉट ३ चा उत्कलनबिंदू किमान २०५ अंश असतो, पण पाणी मुरलं की तो १४० पर्यंत उतरतो. डॉट ४ चे आकडे २३० आणि १५५. भरलेली गाडी घाट उतरताना ड्रम किती तापतो हे ज्याने हात जवळ नेऊन बघितलंय त्याला हे आकडे वेगळे समजवायला नकोत. तेल उकळलं की नळीत वाफ होते आणि पेडल थेट जमिनीला जातं. मास्टर सिलेंडरच्या झाकणावर कोणता डॉट लिहिलाय तोच वापरा, आणि ताजी सीलबंद बाटली फोडा. इंजिन ऑइल चुकून टिपूसभर पडलं तरी आतली सगळी रबरं फुगतात.

हवा काढायला दोन माणसं लागतात. मास्टर सिलेंडरपासून सगळ्यात लांबच्या चाकापासून सुरुवात: मागचं डावं, मागचं उजवं, पुढचं डावं, पुढचं उजवं. वर बसलेला पेडल दाबून धरतो, खालचा निपल सोडतो, तेल-बुडबुडे नळीतून बाटलीत येतात, निपल बंद, मगच पेडल वर. मास्टर सिलेंडरची टाकी मधेच रिकामी होऊ दिली तर पहिल्यापासून सुरुवात. गळलेलं तेल रंगावर पडलं तर लगेच पाण्याने धुवा, रंग सोलून निघतो.

बूस्टरची, म्हणजे पेडलवरचा पायाचा जोर वाढवणाऱ्या डब्याची, चाचणी फुकट आहे. इंजिन बंद ठेवून पेडल चार-पाच वेळा मारा, मग दाबून धरून इंजिन चालू करा. पेडल थोडं खाली गेलं तर बूस्टर ठीक. डिझेल इंजिनात व्हॅक्यूमसाठी वेगळा पंप असतो, बऱ्याच गाड्यांत तो अल्टरनेटरच्या पाठीलाच जोडलेला. म्हणूनच डिझेल वाचवायला उतारावर इंजिन बंद करणाऱ्यांचा ब्रेक दोन-तीन दाबांनंतर दगड होतो.

आणि मागच्या एक्सलजवळ बघा. एका दांडीने किंवा स्प्रिंगने हौसिंगला जोडलेला एक व्हॉल्व्ह दिसतो का? हौद्यात वजन वाढलं, गाडी बसली, की तो मागच्या चाकांना जास्त दाब देतो. गाडी रिकामी असली की कमी, म्हणजे मागची चाकं जाम होऊन गाडी फिरत नाही. त्याची दांडी वाकवू नका, तारेने बांधू नका. तो सहाव्या पायरीत पुन्हा येणार आहे.

५. स्टिअरिंग, बेअरिंग, टायर

पुढचं चाक उचला. घड्याळातल्या बारा आणि सहाच्या जागी हात ठेवून हलवा. हललं तर बेअरिंग, किंगपिन किंवा बॉल जॉइंट. तीन आणि नऊवर हललं तर टायरॉड एंड किंवा स्टिअरिंगचं लिंकेज. कोणाला तरी ब्रेक दाबून धरायला सांगा: बारा-सहाचं हलणं बंद झालं तर बेअरिंगच ढिलं आहे, तरीही हलत असेल तर किंगपिन किंवा बॉल जॉइंट. टायरॉड एंड घरी बदलता येतो. जुना काढताना किती आटे फिरवले ते मोजा, नवा तेवढेच फिरवा, आणि तरीही नंतर अलाइनमेंट करून घ्या. प्रोपेलर शाफ्टचे (गिअरबॉक्सपासून मागच्या एक्सलपर्यंत जाणाऱ्या फिरत्या दांड्याचे) क्रॉस, म्हणजे सांधे, हाताने मुरगळून बघा. गाडी सोडताना 'टक्' आवाज येतो तो बहुतेक तिथला. ग्रीसच्या सगळ्या निपलांवर ग्रीस मारा, पावसाळ्यात जास्त वेळा. नवं ग्रीस कडेने बाहेर दिसेपर्यंत मारायचं.

टायरवर अंडाकृती चौकटीत चार आकडे असतात. २३१९ म्हणजे २०१९ सालचा तेविसावा आठवडा. नक्षी भरपूर शिल्लक असली तरी बाजूच्या भिंतीला बारीक चिरा असतील तर ते टायर वजनाला नाही. रिमोल्ड केलेला टायर पुढे नको. नट चांदणीच्या क्रमाने, म्हणजे समोरासमोरचे आवळा आणि पन्नासेक किलोमीटरनंतर पुन्हा तपासा.

६. पाटे, म्हणजे सगळ्यांचं आवडतं काम

आधी जे आहेत ते तपासा. पाट्यांवर आडवी गंजाची रेघ म्हणजे तडा. मधला सेंटर बोल्ट तुटला असेल तर एक्सल एका बाजूने मागे सरकतो आणि गाडी तिरकी चालते, मागून चालणाऱ्याला ते लगेच दिसतं. शॅकलच्या बुशा झिजल्या की रिकामी गाडी खडखडते आणि लोक त्याचं खापर शॉकपवर फोडतात. बुश, सेंटर बोल्ट, यू-क्लॅम्प आणि शॉकप एकदम नवे टाकले तर जुन्या गाडीत जो फरक पडतो तो दुसऱ्या कशाने पडत नाही. बसलेले पाटे कमान देऊन आणता येतात, पण ठोकून दिलेली कमान काही महिन्यांत पुन्हा उतरते. थकलेला पाटाच बदलणं बरं. यू-क्लॅम्प पहिल्या भरलेल्या फेरीनंतर पुन्हा टॉर्कने आवळायचे. ही पायरी जवळपास सगळे विसरतात. पाट्याला वेल्डिंग किंवा भोक कधीही नाही.

आता पाटा वाढवण्याबद्दल. मी कोणाच्या गाडीखाली वाकलो आणि जादा पाटे दिसले की विचारतो, ब्रेकचं काय केलं? कारण आठवा तो व्हॉल्व्ह. पाटे वाढले की भरलेली गाडीही पूर्वीइतकी बसत नाही. व्हॉल्व्हला वाटतं गाडी रिकामी आहे, आणि तो मागच्या ब्रेकचा दाब कमी ठेवतो. म्हणजे वजन जास्त आणि ब्रेक कमी, हे दोन्ही एकाच दिवशी तुम्ही पैसे देऊन विकत घेतलं. शिवाय एक्सलची बेअरिंगं, हौसिंग, चेसिस, टायर सगळं पहिल्याच ताकदीचं आहे. आरसीवरचा वजनाचा आकडा तर तसूभरही हलत नाही. रिकाम्या गाडीची मागची बाजू उचलली जाते, प्रोपेलर शाफ्टचा कोन बदलतो आणि ठराविक वेगाला थरथर सुरू होते. मग लोक क्रॉस बदलत बसतात.

रोजचं वजन आरसीत बसत नसेल तर दोन फेऱ्या करा किंवा मोठी गाडी बघा. तरीही कंपनीच्याच जड आवृत्तीचे पाटे बसवायचे असतील तर व्हॉल्व्हची दांडी मॅन्युअलप्रमाणे सेट करून देणाऱ्याकडेच जा.

७. डिझेल लाइन

फिल्टरच्या तळाला पाणी काढायचा स्क्रू असतो. पावसाळ्यात महिन्यातून एकदा काचेच्या ग्लासात थोडं डिझेल काढा, पाणी असेल तर तळाला वेगळं दिसतं. फिल्टर बदलताना आजूबाजूची धूळ आधी पुसा. नंतर हातपंपाने, हवा सुटण्याचा स्क्रू ढिला ठेवून, बुडबुडे थांबेपर्यंत पंप करा. त्याआधीच सेल्फ मारत बसलात तर बॅटरी उतरते आणि सेल्फ जळतो.

मेकॅनिकल पंपाच्या गाडीत हवा अडकली तर मेकॅनिक इंजेक्टरकडचा नट ढिला करून सेल्फ मारायला सांगतो. कॉमन रेलच्या गाडीत हे कधीही करू नका. त्या नळीतला दाब हजार बारच्या पुढे जाऊ शकतो. बारीक धार कातडीतून आत शिरते, जखम टाचणीच्या टोकाएवढी दिसते आणि आत डिझेल पसरतं. असं झालंच तर हळद लावून घरी बसायचं नाही, तासाभरात शस्त्रक्रियेची सोय असलेल्या दवाखान्यात पोचायचं. पंपाचं कॅलिब्रेशन आणि इंजेक्टर यांचं काम पंपवाल्याकडेच.

धूर थोडक्यात: काळा असेल तर आधी एअर फिल्टर, मग इंजेक्टर. सकाळी थोडा वेळ पांढरा येऊन थांबत असेल तर हीटर प्लग. पांढरा थांबत नसेल आणि रेडिएटरचं पाणी कमी होत असेल तर हेड गॅस्केट. निळा म्हणजे इंजिन ऑइल जळतंय.

८. पाणी आणि गरम होणं

आपल्याकडे रेडिएटर मारतं ते बोअरचं पाणी. किटलीच्या तळाला जो पांढरा थर बसतो तोच आतल्या बारीक नळ्यांत बसतो. कूलंट आणि डिस्टिल्ड वॉटर निम्मं-निम्मं, एवढा एकच नियम. वाटेत अडचणीत साधं पाणी घातलंत तर घरी आल्यावर सगळं काढून पुन्हा भरा. बाहेरून जाळीत उसाची पाचट, धूळ, किडे अडकतात. ती इंजिनाच्या बाजूने बाहेर, कमी दाबाच्या पाण्याने धुवा.

गाडी गरम झाली की 'थर्मोस्टॅट (इंजिन तापल्यावर पाण्याची वाट उघडणारा व्हॉल्व्ह) काढून टाक' हा सल्ला फुकट मिळतो. काढल्यावर इंजिन कायम थंड चालतं, डिझेल जास्त खातं आणि मूळ दोष झाकला जातो. थर्मोस्टॅट काढून गरम पाण्याच्या पातेल्यात सोडा. त्यावर कोरलेल्या तापमानाच्या आसपास तो उघडायला लागला तर निर्दोष. मग वॉटर बॉडीच्या (पाण्याच्या पंपाच्या) खालच्या भोकातून ठिबकतंय का, पट्टा ढिला आहे का आणि रेडिएटरच्या झाकणाचं रबर कडक झालंय का ते बघा. झाकण स्वस्त असतं, आधी तेच बदला. गरम रेडिएटरचं झाकण उघडू नका.

९. वायरिंग, सेल्फ आणि हेडलाइट

सेल्फ आळशी फिरतो म्हणून नवी बॅटरी घेण्याआधी मल्टिमीटर लावा. रात्रभर उभ्या गाडीत १२.६ व्होल्ट म्हणजे भरलेली, १२.२ म्हणजे साधारण निम्मी. इंजिन चालू असताना १३.८ ते १४.४ दिसलं पाहिजे. आता खरी चाचणी: मीटरची एक पिन बॅटरीच्या मायनस खुंटीवर, दुसरी इंजिनाच्या ब्लॉकवर, आणि कोणाला तरी सेल्फ मारायला सांगा. अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त दिसलं तर अर्थिंगची तार खराब आहे. चेसिस ते इंजिन जाणारी विणलेली पट्टी गंजलेली असते. ती काढून, जागा घासून, नवी लावा. कित्येक 'गेलेले' सेल्फ एवढ्याने जिवंत होतात.

या पिकअपमध्ये करण्यासारखी एकच मोठी सुधारणा असेल तर ती हेडलाइटची, आणि त्यासाठी एलईडी लागत नाही. जुन्या गाडीत हेडलाइटचा करंट कॉम्बिनेशन स्विचमधून फिरून येतो आणि वाटेत व्होल्टेज गळतं. व्होल्टेज दहा टक्के कमी झालं तर बल्बचा उजेड जवळपास तीस टक्के घटतो. बल्बच्या कनेक्टरवर इंजिन चालू असताना व्होल्टेज मोजा. बॅटरीपेक्षा एक-दीड व्होल्ट कमी असेल तर:

- हाय आणि लो, दोन्हींसाठी एक-एक रिले (छोट्या करंटच्या इशाऱ्यावर मोठा करंट चालू करणारा स्विच) घ्या.
- बॅटरीच्या प्लसपासून फ्यूज घालून २.५ चौरस मिमीची तांब्याची तार रिलेपर्यंत न्या. फ्यूज बॅटरीच्या अगदी जवळ हवा.
- मूळ हेडलाइटची तार आता फक्त रिलेला इशारा देईल.
- बल्बची अर्थिंगही जाड तारेने चेसिसच्या घासलेल्या जागेवर घ्या.

तोच ६०/५५ वॅटचा बल्ब वेगळा दिसतो. १००/९० चे बल्ब होल्डर वितळवतात आणि समोरच्याला आंधळा करतात. हॅलोजनच्या रिफ्लेक्टरमध्ये खुपसलेला एलईडी उजेड नको तिकडे फेकतो. माळशेजच्या धुक्यात तो तुमच्याच डोळ्यांवर परत येतो.

जोड देताना नुसती पिळलेली तार आणि वर टेप चालणार नाही. सोल्डर किंवा क्रिंप, त्यावर उष्णतेने आकसणारी नळी. फ्यूज उडतोय म्हणून जास्त अँपिअरचा किंवा तारेचा तुकडा घातला तर पुढच्या वेळी फ्यूजऐवजी वायरिंग जळतं.

१०. गंज आणि हौदा

कोकणात मासळी वाहिलेली गाडी असेल तर बर्फाच्या खाऱ्या पाण्याने खालचा पत्रा खाल्लेला असणारच. घाटावर तेच काम युरियाच्या पोत्यांतून सांडलेलं खत आणि शेणखत करतं. चेकर प्लेट किंवा रबरी मॅट वर छान दिसते, खाली ओल कोंडते. ती उचलून बघितल्याशिवाय हौदा चांगला आहे असं म्हणू नका.

छोट्या हातोडीने चेसिस ठोकत जा. खणखणीत आवाज ठीक, बद्द आवाज आला किंवा पापुद्रे निघाले तर थांबा. पाट्यांच्या ब्रॅकेटजवळ आणि एक्सलच्या वर नीट बघा. वरवरचा गंज तारेच्या ब्रशने चकाकेपर्यंत काढा, रस्ट कन्व्हर्टर लावा, मग इपॉक्सी प्रायमर, मग रंग. गंजावर थेट काळा रंग मारलेली गाडी विकायला काढलेली असते, हे गाडी घेतानाही लक्षात ठेवा. हौद्याची पाणी जायची भोकं सळईने मोकळी करा. फाळक्याच्या बिजागऱ्या आणि कड्या बदलणं अर्ध्या तासाचं काम आहे, पण सुटलेला फाळका मागच्या मोटारसायकलवाल्याच्या जिवावर येतो.

हौद्याच्या पत्र्याला ठिगळ लावायला हरकत नाही, चेसिसच्या वेल्डिंगला घरचं मशीन नको. कुठेही वेल्डिंग करताना बॅटरीच्या दोन्ही तारा काढा आणि वेल्डिंगची अर्थ कामाच्या अगदी जवळ लावा, नाहीतर करंट वायरिंग आणि ईसीयूमधून (इंजिनाच्या कॉम्प्युटरमधून) वाट काढतो.

११. पार्ट कुठून घ्यायचे

पुण्यात नाना पेठ, मुंबईत कुर्ल्याचा सीएसटी रोड, आणि लेथचं काम असेल तर कोल्हापूरचं उद्यमनगर. जुना पार्ट पिशवीत घालून न्या आणि चेसिस नंबर फोनमध्ये ठेवा. त्याच मॉडेलमध्ये वर्षागणिक पार्ट बदललेले असतात. दुकानदार 'ओरिजिनल, लोकल की पहिल्या नंबरची कॉपी?' असं विचारेल. फाळक्याची कडी, आरसा, मडगार्ड लोकल घ्या, काही बिघडत नाही. दार किंवा हेडलाइट स्क्रॅपमधून घ्या. ब्रेक, स्टिअरिंग, बेअरिंग, सील आणि फिल्टर यांत मात्र नवीन आणि बिलासकट. बिल नको म्हटलं तर थोडे कमी करतो, हे वाक्य ऐकलं की खोका पुन्हा नीट बघा.

१२. पासिंगच्या आधी

पुढे पांढरी, मागे लाल आणि बाजूला पिवळी परावर्तक पट्टी, तुटलेली असेल तर नवी. ब्रेक लाइट, इंडिकेटर, रिव्हर्स लाइट, वायपर, हॉर्न चालू. अनेक सुरांचा हॉर्न काढा. पुढचं लोखंडी बंपर गार्डही काढा. केंद्राने डिसेंबर २०१७ मध्ये राज्यांना त्यावर कारवाई करायला सांगितलं आहे, आणि ते धडक थेट चेसिसवर नेतं. पीयूसीला जाण्याआधी एअर फिल्टर बदला आणि इंजिन पूर्ण गरम करून न्या.

आदल्या दिवशी हौदा धुवा, गाडीखालचा चिखल काढा, आणि चेसिस नंबर कोरलाय त्या जागेवरचं ग्रीस-रंग केरोसीनच्या फडक्याने पुसून अंक बोटाने वाचता येतील असे मोकळे करा. घासताना पॉलिश पेपर किंवा ग्राइंडर वापरू नका. अंक पुसट झाले तर नंबरात फेरफार केल्याचा संशय येतो, आणि तो मिटवायला ब्रेकच्या कामापेक्षा जास्त दिवस जातात.